सात की साठ

इतवारीतील धान्य-किराण्याच्या एका पेढीवर चाळीस वर्षे टेलिफोन बाबूजींच्याच हाताशी होता. उमरेड, काटोल, भंडारा येथील दुकानदार त्यांच्याशी दोन वाक्यांत कुशल विचारीत, तिसऱ्या वाक्यात भाव आणि चौथ्यात माल सांगत. लेखी मागणी कुणी पाठवीत नसे, आणि त्याची गरजही कधी भासली नव्हती. 2023 च्या दिवाळीच्या तोंडावर उमरेडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने चणाडाळीचे सात कट्टे मागितले आणि बाबूजींच्या वहीत साठ लिहिले गेले. गाडी भरून गेली, त्रेपन्न कट्टे परत आले. दोन्ही वेळचे भाडे आणि हमाली पेढीच्या अंगावर पडली. रक्कम अशी नव्हती की तिची चर्चा व्हावी, आणि घरात ती झालीही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टेलिफोन मुलाच्या बाजूला सरकलेला दिसला. “बाबूजी, आता तुम्ही उधारीवसुलीचे पाहा,” एवढेच मुलगा म्हणाला. गादीवर बसलेल्या माणसाला यापेक्षा अधिक सांगावे लागत नाही.

खरे तर याची सूचना दीड वर्ष आधी चित्रपटगृहात मिळून चुकली होती. 2022 च्या मार्चमध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला. नागपुरातील झोपडपट्टीच्या मुलांना फुटबॉलकडे वळविणारे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेला, नागपुरातच चित्रित झालेला हा चित्रपट पाहण्यास सारे घर गेले. सायंकाळचा खेळ चौविहाराला अडचणीचा, म्हणून दुपारचा निवडला. पडद्यावरील पोरे जी हिंदी बोलत होती ती बाबूजींना परकी नव्हती. पेढीवर पोती उचलणाऱ्यांच्या तोंडून ती त्यांनी जन्मभर ऐकलेली. तरीही प्रेक्षागृह हसे आणि बाबूजी नातवाच्या चेहऱ्याकडे पाहून क्षणभर उशिरा हसत. अमिताभ बच्चन यांचा भरदार आवाज तेवढा पोहोचत होता. पोरांची भराभर, अर्धी गिळलेली वाक्ये गळून पडत होती. बाहेर आल्यावर “हल्लीचे नट स्पष्ट बोलत नाहीत” असा अभिप्राय त्यांनी दिला, आणि तो कुणी खोडला नाही.

या अभिप्रायात थोडे तथ्य होतेच. पार्श्वसंगीताच्या कल्लोळात संवाद बुडवून टाकण्याची खोड आजच्या चित्रपटांना जडली आहे, आणि चांगल्या कानांचे लोकही ती तक्रार करतात. पण महिन्याभराने, 1 एप्रिलला प्रदर्शित झालेला ‘मी वसंतराव’ पाहून बाबूजी अधिकच खिन्न झाले. निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांचे नातू राहुल यांनीच केली आहे आणि गायिलीही आहे. वसंतरावांचे बालपण नागपुरात गेले, शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे गाणे सुरू झाले, सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला त्यांचे नाव आहे. असा घरचा विषय. शिवाय ज्याने बरीच वर्षे सैन्याच्या हिशेब खात्यात आकडे मांडीत गाणे जपले, त्या गायकाविषयी हिशेबाच्या माणसाला आपुलकी वाटणारच. तान ऐकू येत होती, पण बंदिशीचे शब्द नाही. आई मुलाशी हळू बोले, तेव्हा तर पडदा मूकपटासारखा होई. पुढे या चित्रपटाला ध्वनिसंयोजनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचे वर्तमानपत्रात वाचून बाबूजी काही बोलले नाहीत. ज्या ध्वनीची देशाने वाखाणणी केली, तो आपल्यापर्यंत आलाच नव्हता, हे त्यांच्या ध्यानी आले असावे.

वयोमानाने येणारे बहिरेपण फसवे असते. आवाज येतो, शब्द उमटत नाही. कानाच्या आतील शंखाकृती भागातील सूक्ष्म केशपेशी झिजतात आणि प्रथम उंच पट्टीचे सूर जातात. स, श, फ, थ, ठ यांसारख्या वर्णांची ओळख ज्या नाजूक फुत्काराने पटते, तो याच पट्टीत असतो. स्वर खालच्या पट्टीत असल्याने शाबूत राहतात. म्हणून ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील ‘सा’ ऐकू येतो आणि उरलेले मनाने भरून घ्यावे लागते. त्यात टेलिफोनची तार उंच सूर आधीच कापून टाकते. दुसरा चमत्कार असा, की हळू बोललेले कळत नाही आणि मोठ्याने बोललेले सहन होत नाही. “ओरडतोस कशाला?” हे वाक्य ज्या घरात वारंवार ऐकू येते, तेथे कुणाच्या तरी कानाची तपासणी करून घेणे इष्ट.

बाबूजींनी ती करविली नाही. चष्मा लावणारा माणूस वाचणारा दिसतो, श्रवणयंत्र लावणारा म्हातारा दिसतो, असा हा न्याय आहे. 2024 मध्ये किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ घरच्या टीव्हीवर लागला. सुनेने खाली इंग्रजी अक्षरे उमटविली. कथा समजली, कारण आगगाडीत घुंघटामुळे नववधूंची अदलाबदल होते ही गोष्ट समजण्यास अवघड नाही. पण डोळे अक्षरांवर खिळल्याने चेहरे निसटले. छाया कदम यांनी उभी केलेली, फलाटावर चहाचा ठेला चालविणारी मंजू माई ही त्यांना सर्वांत आवडेल असे घरच्यांना वाटले होते. स्वतःच्या कमाईवर ताठ उभी राहणारी बाई व्यापाऱ्याला आवडतेच. बाबूजी मध्येच उठून झोपावयास गेले.

त्यांना हलविले ते चातुर्मासाने. काही परंपरांत साधू-साध्वी ध्वनिवर्धक वापरीत नाहीत. प्रवचन त्यांच्या सहज कंठातून जेवढे पोहोचेल तेवढेच. बाबूजी पहिल्या रांगेत बसत, तेथूनही वाक्याचा शेवट हरवू लागला. चित्रपट सोडता येतो, टेलिफोन मुलाकडे देता येतो. चातुर्मास कुणाकडे सोपवावा? संवत्सरीनंतरच्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन मुलास म्हटले, “कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घे.”

तपासणीचा आलेख उतरत्या बाजारासारखा निघाला. डावीकडे ठीक, उजवीकडे घसरण. यंत्रांच्या किमती ऐकून बाबूजींनी व्यापारी प्रश्न विचारले. जोडी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळते. फरक कशाचा? उत्तर असे मिळाले की महाग यंत्र गलबल्यातून बोलणाऱ्याचा आवाज अधिक चांगला वेगळा काढते, ब्लूटूथने मोबाइलला जोडले जाते. शांत घरात बसणाऱ्याला त्याची तितकी गरज नाही, बाजारात बसणाऱ्याला आहे. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा प्रथमच सैल झाला. मधल्या किमतीची जोडी ठरली, तीही घरी काही दिवस वापरून पाहण्याच्या बोलीवर. जुन्या काळी खिशात डबी आणि कानापर्यंत तार असे, आणि ती सारे आवाज सरसकट वाढवी. आजचे यंत्र ज्याच्या-त्याच्या आलेखाप्रमाणे बसविले जाते. गेलेल्या पट्ट्या तेवढ्या उचलते, अचानक आलेला मोठा आवाज दाबते. आत मटाराएवढी बटण-बॅटरी. तिच्यावरील चिकटपट्टी काढताच हवा आत शिरून ती चालू होते आणि मग वापरा अगर न वापरा, संपत जाते. “पट्टी उगीच काढू नका” ही सूचना बाबूजींनी नातवंडांना दहादा दिली.

पहिला आठवडा वाईट गेला. वर्तमानपत्राची घडी, प्लॅस्टिकची पिशवी, ताटात पडणारा चमचा, दुकानाचे शटर, सगळे अंगावर येऊ लागले. स्वतःचा आवाज रांजणातून आल्यासारखा वाटे. कित्येक जण याच टप्प्यावर यंत्र डबीत घालून कपाटात ठेवतात. हा पैशाचा अपव्यय फार घरांत झालेला आहे. वर्षानुवर्षे न आलेले आवाज पुन्हा ओळखण्यास मेंदूला काही आठवडे लागतात, हे दुकानदाराने आधी सांगितले म्हणून बाबूजी टिकले. प्रथम दोन तास, मग चार, मग दिवसभर. एकदा चितार ओळीहून मेट्रोने सीताबर्डीस जाताना पुढील स्थानकाचे नाव त्यांना पाटी न पाहता कळले, तेव्हा ते शेजारच्या अनोळखी प्रवाशाकडे पाहून हसले.

‘मी वसंतराव’ त्यांनी घरी पुन्हा पाहिला, एकटेच, दुपारी. त्यांचे मत ऐकण्यास घरातील सारे उत्सुक होते. त्यांनी सांगितले की चित्रपट उत्तरार्धात थोडा लांबला आहे, पण आईचे काम करणाऱ्या अनिता दाते यांच्या वाट्याचे बोलणे मागच्या वेळी आपल्याकडून सुटले होते, आणि ती तर निम्मी गोष्ट आहे. मंजू माईविषयीही मग त्यांनी सविस्तर मत दिले. ‘झुंड’मधील पोरांची भाषा अस्सल आहे हेही मान्य केले. नटांच्या अस्पष्ट उच्चारांचा जुना अभिप्राय मात्र मागे घेतला नाही, नुसता पुन्हा उच्चारला नाही.

पेढीवर यूपीआयच्या रकमा पुकारणारा साउंडबॉक्स आहे. बनावट पावत्या मोबाइलवर दाखवून माल नेणाऱ्यांमुळे इतवारीत त्याची गरज साऱ्यांनाच पटली. बाबूजींना नीट ऐकू यावे म्हणून मुलाने त्याचा आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढीचा गल्ला कळे. कार्तिकात एके सकाळी बाबूजींनी तो उचलला, बटण शोधले आणि आवाज निम्म्यावर आणला. तेवढ्यात टेलिफोन वाजला. मुलगा गोदामात होता. उमरेडचा माणूस चणाडाळच मागत होता.

“किती? सात? सहावर एक, तेच ना?” बाबूजींनी विचारले, आणि वहीत आकडा लिहून त्यापुढे अक्षरांतही लिहिला.