टाळ नसलेली तक्रार

माळकऱ्याच्या घरात मासे, हे ऐकून चाळीसगावातील पारावरच्या मंडळींनी माझी पुष्कळ थट्टा केली. मी म्हणालो, "ज्याच्या कानी मकरकुंडले, त्याच्या दासाने माशाला दार का बंद करावे?" सगळे हसले. पन्नास वर्षे कीर्तन केल्यावर उत्तर देण्याची सवय लागतेच. पण उत्तर सुचले म्हणजे गोष्ट कळली असे नाही, हे पुढे त्या माशांनीच मला शिकवले. ते वाचक माउलींच्या चरणी निवेदन करतो.

नातीने हट्टाने दीड फुटी काचेची टाकी आणली. तिला फायटर मासा पाळायचा होता. हा मासा मूळचा थायलंडचा, भाताच्या खाचरांतील उथळ, संथ पाण्यात राहणारा. त्या देशाने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुगवून एकमेकांचे पर फाडतात, म्हणून दुकानात प्रत्येक नर वेगळ्या बाटलीत ठेवलेला असतो. नातीने विचारले, "आबा, मग काय करू?" मी व्यासपीठावर बोलावे तसे बोलून गेलो, "भांडतात ते नर. तू माद्या आण. स्त्रीजात सोशीक, राहतील गुण्यागोविंदाने."

तीन माद्या आल्या. एक निळी, एक तांबडी, एक फिकट पिवळी.

माद्यांतही मानपानाची उतरंड असते, हे मला ठाऊक नव्हते. दोन दिवसांत निळी मालकीण झाली, तांबडी मधे राहिली, आणि पिवळीच्या वाट्याला कोपरा आला. तिच्या अंगावर गडद आडव्या रेघा उमटल्या. मी कौतुकाने नातीला म्हणालो, "बघ, किती सुंदर नक्षी आली!" ती नक्षी नव्हती. या माशाच्या अंगावर तशा रेघा भीतीने उमटतात.

या माशाला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवा घेण्याचा वेगळा अवयव असतो. थोड्या थोड्या वेळाने पाण्यावर तोंड काढून श्वास घेतल्यावाचून तो जगत नाही. पिवळी वर यायला निघाली की निळी तिच्यावर धावून जाई, की ती पुन्हा खाली. आयुष्यभर मी पाण्यावाचून तळमळणाऱ्या मासोळीचा दृष्टान्त दिला. पाण्यात राहून तळमळणारी मासोळी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि ती मला दिसली नाही.

नवव्या दिवशी पहाटे काकड्याला उठलो, तेव्हा पिवळी फिल्टरमागे निश्चेष्ट पडली होती. नातीने तिला तुळशीच्या कट्ट्याजवळ मातीआड केले. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही.

मग आम्ही दोघांनी नीट माहिती घेतली. टाकी लहान, आडोसा नाही, आणि पाणी कोरे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवणारे सूक्ष्म जीव टाकीत वाढायला काही आठवडे लागतात. लोणचे मुरावे तसे पाणीही मुरावे लागते. ते २४ ते २८ अंशांत राखावे लागते, म्हणून आपल्या खान्देशच्या थंडीत हीटर हवा. अनेक माद्या एकत्र ठेवणे जाणत्यालाही दर वेळी साधत नाही. शांत स्वभावाच्या इतर माशांत एकच मादी ठेवणे बरे. म्हणून तांबडीला जुन्या टाकीत स्वतंत्र बिऱ्हाड दिले. निळीसाठी तीन फुटी टाकी घेतली, दाट पाणवनस्पती लावल्या, संक्रांतीची जुनी सुगडी आडवी ठेवली. पाणी मुरल्यावर आधी टेट्रा आणि तळाशी फिरणारे कोरीडोरस सोडले आणि शेवटी निळी. जिला मी मनातल्या मनात खुनी म्हणत होतो, ती आता त्यांच्यातून संथपणे फिरते. मासा दुष्ट नव्हता, जागा तोकडी होती. ती तोकडी जागा मी नेमली होती.

ज्ञानोबारायांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात. प्रत्येकीची जागा ठरलेली, म्हणून एवढ्या गर्दीतही कोणी कोणाला रेटत नाही. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सारा समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात, तड लावतात. आपल्या पूर्वजांनी तक्रारीला अशी जागा करून ठेवली आहे. पिवळीच्या हाती टाळ नव्हते.

आणखी एक सांगितले पाहिजे. माझ्या कीर्तनात जावाजावांच्या भांडणाचा विनोद हमखास असे, आणि मंडप हसे. माझ्या घरात दोन सुना, स्वयंपाकघर एक. धाकट्या सूनबाईंनी तीन वर्षांपूर्वी माडीवर वेगळी चूल मागितली होती. घर कसे फुटते यावर मी पाऊण तास निरूपण केले. त्या गप्प झाल्या. त्यांचे गप्प होणे मी समाधान समजलो, आडव्या रेघांना नक्षी समजलो तसेच.

पिवळी गेली त्या आठवड्यात मी माडीवर ओटा बांधायला घेतला. सूनबाई म्हणाल्या, "आबा, आता कशाला?" मी म्हणालो, "उशीर झाला, माफ करा." सासऱ्याने सुनेची माफी मागावी, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडले. आता एकादशीला दोघी आपण होऊन एकत्र बसून भगर निवडतात. बाकीच्या दिवशी ज्याची त्याची चूल. घर फुटलेले नाही.

यामुळे पिवळीचे पाप फिटले असे मी म्हणत नाही. नवा मासा आणायचा असला की नात आता मला विचारत नाही, आधी पुस्तक पाहते. योग्यच करते.

माउली, रात्री हरिपाठ झाल्यावर क्षणभर थांबून पाहावे, आपल्या घरात कोणाचे टाळ वाजत आहेत का. आणि ज्याच्या हाती टाळच दिलेले नाहीत, त्याच्याकडे आधी पाहावे.

राम कृष्ण हरि.