पस्तीस मार्कांची मोटार

मराठीच्या मास्तराला मोटारीतले काही कळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो समज खरा आहे. मी राहतो चिंचवडला. म्हणजे ज्या गावात पोरे बाराखडीच्या आधी गिअर शिकतात, अशा गावात. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील पिंपरी-भोसरी-चाकणच्या कोणत्या ना कोणत्या कारखान्यात मोटारीचा कोणता ना कोणता अवयव घडवतात. मी मात्र वीस वर्षे त्या मुलांना अलंकार आणि वृत्ते शिकवत आलो, आणि माझ्या स्वतःच्या जुन्या लहानशा गाडीचे बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे, हे मला शेजाऱ्याला विचारावे लागते.

अशा माझ्या दारात या गणपतीच्या आदल्या दिवशी एक मोटार येऊन उभी राहिली. बसकी, रुंद, आणि उभ्या उभ्या गुरगुरणारी. तिच्यातून माझा एक जुना विद्यार्थी उतरला आणि भर पावसात माझ्या पाया पडला.

हा विद्यार्थी चाकणच्या बाजूचा. घरचा शेतकरी, कांदा आणि बटाटा ही दोनच पिके त्याला ठाऊक. मराठीच्या पेपरात तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा बरोबर पस्तीस गुण मिळवून सुटला. त्याला मी मनातल्या मनात 'पस्तीस' असेच म्हणत असे. पुढे त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली, पैसा आला, आणि ज्या पैशाने भल्याभल्यांची घरे बुडाली त्यातून याने शहाणपणाने मालवाहतुकीचा धंदा उभा केला. आता त्याचे ट्रक चाकणचा माल देशभर नेतात.

"सर, गाडी बघा तरी," तो म्हणाला. "आपल्या चाकणलाच जुळवलेली आहे. मर्सिडीज. नाव काय आहे ठाऊक आहे का? ए-पस्तीस!"

मी चपापलो. मनातले टोपणनाव याला कसे कळले? पण तो निर्मळपणे हसत होता. मोटारीचे नाव खरोखरच ए.एम.जी. ए-३५ असे होते. या जर्मन कंपनीने १९९५ साली पिंपरीत टेल्कोच्या आवारात आपल्या गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि २००९ साली चाकणला स्वतःचे बिऱ्हाड मांडले. त्या बिऱ्हाडात २०२१ साली ही ए-३५ जुळवली जाऊ लागली. ज्या चाकणचा किल्ला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाशी दीड महिन्याच्या वर झुंजवला, त्या चाकणला ३०६ अश्वशक्तीची मोटार जुळवली गेली, हे ऐकून इतिहासाचा अभिमान वाटावा की भूगोलाचा, हे मला ठरवता येईना.

"ताईला आणायला लोणेऱ्याला जायचंय ना? चला, मी नेतो," तो म्हणाला. आणि माझ्या पोटात गोळा आला.

तो का आला, हे सांगितले पाहिजे. माझी मुलगी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकते. आमच्याकडून तिथे जायची वाट हिंजवडी, घोटावडे, पौड आणि मग मुळशीच्या जलाशयाच्या कडेने ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरते. गेल्या वर्षी भर पावसाळ्यात तिला पोचवायला मीच निघालो होतो. घाट उतरताना झाडांच्या सावलीतल्या एका वळणावर मी जरा वेगाने आलो, वळणाच्या मध्यात घाबरलो, आणि ब्रेकवर उभा राहिलो. पुढची चाके जागच्या जागी थिजली. स्टिअरिंग मी पुरते फिरवले होते. पण गाडी माझे ऐकेना. ती नाकासमोर सरळ गेली आणि कठड्याला भिडली. एक दिवा फुटला, बंपर गेला. मुलीला खरचटलेसुद्धा नाही. पण कठड्यापलीकडे काही नव्हते, फक्त धुके होते. त्या दिवसापासून पाऊस पडला की मी गाडी काढत नाही. मुलगी एस.टी.ने येते-जाते, आणि तिची बस घाटात असेल तेवढा वेळ मी हातात पुस्तक धरून एकच पान वाचतो.

तर असा मी, त्या बसक्या मोटारीत, पट्ट्याने आवळून बसलो.

पौड मागे पडले आणि मुळशीचा वळणावळणांचा रस्ता सुरू झाला. पाऊस मुसळधार. डांबरावरून पाण्याचे पाट वाहत होते. वळण आले की मी उजव्या पायाने गाडीची जमीन दाबत असे. तिथे ब्रेक नव्हता, पण सवय. आणि गंमत अशी की, काहीच होत नव्हते! गाडी वळणात शिरे, किंचित बसल्यासारखी होई, आणि बाहेर पडताना पस्तीसने रेस दिली की चिखलाच्या त्या रस्त्यावरून न डळमळता सुसाट निघे. कोरड्या रस्त्यावर ही चार पूर्णांक आठ सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते म्हणे. एवढ्या वेळात मला चष्मा सापडत नाही.

"हे कसे काय?" मी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा तो गुरू आणि मी शिष्य झालो.

त्याने समजावले ते असे. साध्या गाडीत दोनच चाकांना इंजिनाची ताकद मिळते. पुढच्या चाकांना मिळाली तर ओल्या वळणावर जास्त रेस देताच नाक बाहेर जाते. मागच्यांना मिळाली तर शेपूट फिरते. या गाडीत नेहमी ताकद पुढेच जाते; पण प्रत्येक चाकाचा वेग क्षणाक्षणाला मोजला जातो, आणि पुढचे चाक घसरू लागणार असे दिसले की मागच्या आसाशी असलेला अनेक चकत्यांचा क्लच विजेच्या मोटरीने आवळला जातो. मग निम्म्यापर्यंत ताकद मागे जाते. दोघांच्या खांद्यावरचे ओझे चौघांनी वाटून घ्यावे, तसे.

वाटून घेण्याची ही कल्पना नवी नव्हे. १९६१ साली इंग्लंडात औल्टन पार्कच्या ओलसर मार्गावर स्टर्लिंग मॉसने फर्ग्युसनची चारही चाके ओढणारी शर्यतीची गाडी हाकली आणि सगळ्यांना मागे टाकले. पुढे १९८० साली औडीने 'क्वाट्रो' काढली आणि बर्फ-चिखलाच्या रॅलींचे शास्त्रच बदलून गेले. हे सगळे पस्तीस मला तारखा-वारांसह सांगत होता. माझ्या पेपरात याला एका कवीचे जन्मसाल कधी लिहिता आले नव्हते!

उजव्या हाताला मुळशीचे पाणी पसरले होते. या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. मी ते बोललो. तो गप्प झाला, मग म्हणाला, "आमच्या वावरावर आता शेड आहे, सर. आजी जाईपर्यंत विचारायची, कांदा काढला का?" वायपर दोनदा फिरले, आणि तो विषय तिथेच राहिला.

ताम्हिणी गाव गेले, उतार सुरू झाला, आणि एक चमत्कार घडला. आतापर्यंत हरणासारखी पळणारी ती मोटार बैलगाडी झाली. वळणाच्या कितीतरी आधी तो ब्रेक लावी, खालचा गिअर घेई, आणि वळणातून गाडी अगदी अलगद नेई. मागून एक साधी टॅक्सी हॉर्न मारून पुढे गेली, तरी हा शांत.

"का रे? चार चाके दमली का?"

"सर," तो म्हणाला, "चारही चाकं ओढतात, हा या गाडीचा मोठेपणा. पण थांबवायला सगळ्याच गाड्यांना चारही चाकं असतात. तुमच्या गाडीलासुद्धा. उतारावर ओढायचं काय? तिथं हिचं आणि तुमचं सारखंच."

मग त्याने जे सांगितले ते मला एखाद्या सुभाषितासारखे पाठ झाले आहे. रस्त्याला टेकतो तो टायरचा भाग तळहाताएवढा. त्या तळहाताची पकड ठराविक. ती वळायला वापरा, थांबायला वापरा, नाहीतर पळायला वापरा. सगळी थांबण्यात खर्च केली तर वळायला काही उरत नाही. पाण्याने ती पकड आधीच पुष्कळ घटते, शेवाळाने आणखी घटते. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते. "या गाडीचा धोका एकच आहे," तो म्हणाला. "साधी गाडी निसटायला लागली की आधी चुळबुळ करून सांगते. ही सांगत नाही, सांभाळून घेते. रस्ता किती निसरडा आहे ते कळतं थेट ब्रेक मारल्यावर."

हे बोलणे संपते न संपते तोच समोरच्या वळणावरून लाल एस.टी. आली. वळण अरुंद, बस लांब. तिने आपला आणि आमचा असा दोन्हींचा रस्ता घेतला होता. पस्तीसने ब्रेक दाबला. पायाखालून खडखड असा कंप आला, ती चाके थिजू न देणारी यंत्रणा आपले काम करू लागली, आणि गाडी वळत वळत, कठड्याकडे झुकत, बसपासून दोन हातांवर थांबली. आधीच हळू होतो म्हणून थांबली. तीनशे अश्वांनी त्यात काही केले नाही.

कठड्याकडे पाहिले, तर तो माझाच कठडा होता. गाडी घासल्याची खूण अजून दिसत होती.

एस.टी.च्या चालकाने काचेतून हात वर केला, बस इंच इंच काढली आणि तो वर निघून गेला. आणि मला माझे वडील दिसले.

माझे वडील एस.टी.त चालक होते, हे मी पूर्वी कुठेही लिहिलेले नाही. कॉलेजच्या प्रवेशअर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी' एवढेच लिहीत असे. त्यांची खाकी, त्या खाकीला येणारा डिझेलचा वास, या साऱ्यांची मला लाज वाटे. वर्षानुवर्षे त्यांनी पुण्याहून महाडला वरंध घाटातून बस नेली-आणली. ना क्लच आवळणारी मोटर, ना चाके मोजणारी यंत्रणा. मागच्या चाकांनी ढकललेली पन्नास माणसे आणि टपावरचे सामान घेऊन, कोकणातल्या पावसात. मी गाडी घेतली तेव्हा ते थकले होते. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती: "पाय वळणाच्या आधी, वळणात फक्त हात." मी ऐकल्यासारखे केले. ती व्याकरणदृष्ट्या अपुरी वाक्ये आहेत, असे काहीसे माझ्या मनात आले असावे. पुढच्या वर्षी ते गेले.

पस्तीसने तीनशे अश्वांची मोटार दाखवून जे शिकवले, ते सहा शब्दांत माझ्या घरात पडून होते. कठडाही मला त्यांनी वाचवला असता.

लोणेऱ्याला मुलगी दप्तर घेऊन उभीच होती. परतीच्या चढावर त्या मोटारीने आपला खरा तोरा दाखवला. ओल्या चढणीवर वळणातून बाहेर पडताना ती अशी चढे की, घाट खाली सरकतो आहे असे वाटे. मुलगी मागे बसून क्लच, आस, पकड असले प्रश्न विचारत होती आणि पस्तीस उत्तरे देत होता. मी मध्येच म्हणालो, "तुझे आजोबा हे एका वाक्यात सांगायचे." आणि सांगितले. ती दोघेही गप्प झाली. मग पस्तीस म्हणाला, "सर, हे आमच्या ट्रकांवर लिहून घेतो."

माझे एकही वाक्य त्याने कधी लिहून घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गाडीचे टायर पाहिले. त्यांच्या खाचा झिजून खुणेच्या पट्टीला लागल्या होत्या. पाणी जायला वाटच उरली नव्हती. नवे चार टायर घातले. विसर्जन झाले, आणि मुलीला पोचवायला मीच निघालो. पाऊस होताच. पत्नी दारात उभी राहून काही बोलली नाही, एवढ्यावरून तिला काय वाटत होते ते कळले.

ताम्हिणीच्या उतारावर मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. मुलगी शेजारी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होती. तो कठडा आला. त्याच्या बराच आधी मी ब्रेक लावून सोडला होता. वळणात फक्त हात फिरवले. गाडी वळली. इतकेच झाले.

मागे केव्हापासून एक एस.टी. खोळंबली होती. पुढे जरा रुंद जागा आली तेव्हा मी कडेला घेतले. ती पुढे जाताना चालकाने हात वर केला. मीही केला.