खारघरच्या अंगणात चाकावरचे बिऱ्हाड

नवी मुंबई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वाशीचा बाजार येतो. कांद्याचा ट्रक घेऊन रात्री निघावे, पहाटे तुर्भ्याच्या गाळ्यावर पोचावे, पट्टी हातात घ्यावी आणि परत फिरावे, एवढीच आपली या शहराशी ओळख. माझीही तीस वर्षे तशीच गेली. कृषी खात्याच्या नोकरीत शेतकऱ्यांच्या सहली घेऊन मी वाशीस किती वेळा गेलो याची गणती नाही, पण खाडीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले खारघर कधी निवांत पाहिले नव्हते. यंदा मार्चअखेरीस तो योग आला, पण कारण सुखाचे नव्हते.

माझी मावशी जुन्नर तालुक्यातली. वय सत्तरीच्या पुढचे. चाळीस वर्षे सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची सवय. गालाच्या आत जखम झाली, ती भरेना, आणि तपासणीत नको ते निघाले. टाटा रुग्णालयाचे खारघरला मोठे केंद्र आहे, तेथे शेक घ्यायचे ठरले. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. शेक पाच-दहा मिनिटांचा, पण राहायचे कोठे? दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिने आजवर अशा हजारो घरांना आसरा दिला आहे. पण दादरहून खारघरला रोज येणे-जाणे मावशीला झेपणारे नव्हते. खोली भाड्याने पाहिली तर अनामत रकमेचा आकडा ऐकूनच दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, गप्प झाला.

दादाकडे एक जुनी मिनीबस होती. पूर्वी शाळेच्या मुलांची ने-आण करी, नंतर गोठ्याशेजारी उभी. त्याने आसने काढून दोन पलंग, एक कपाट, पाण्याची टाकी आणि ओटा बसवला. वाचकांपैकी कोणी असे करू पाहील त्याला सांगून ठेवतो, की गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्याआड येते. आरटीओकडून परवानगी घेऊन, पासिंग करून, नोंदणीपुस्तकात बदल चढवावा लागतो. दादाला त्यासाठी बरेच हेलपाटे पडले. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा फिरत्या घरांसाठी कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते हौशी प्रवाशांसाठी. आमचा प्रवास हौसेचा नव्हता एवढेच.

स्वयंपाकाला त्यांनी आधी गॅसची लहान टाकी घेतली होती. माळशेज घाट उतरताना धक्क्यांनी नळी ढिली झाली. मुरबाडच्या पुढे मावशीच म्हणाली, "अरे, वास येतोय." बस थांबवून दारे-खिडक्या उघडल्या, टाकी बाहेर काढून रस्त्याकडेला ठेवली. कोणी काडी ओढली नाही, हे नशीब. गॅस हवेपेक्षा जड, तो बसच्या तळाशी साचून राहतो. घरात निदान उंबरा ओलांडून पळता येते, येथे एकच अरुंद दार आणि आत आजारी माणूस. त्या दिवशी दादाने ठरवले की बसमध्ये ज्योत पेटवायची नाही. कल्याणला उतरून त्याने विजेची इंडक्शन शेगडी विकत घेतली.

ही शेगडी आता खेड्यातही आली आहे, तरी तिचे मर्म थोडके सांगतो. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज वेगाने उलटसुलट धावते आणि वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडातच वीज खेळू लागते, त्यामुळे बूड तापते. काच तापते ती भांड्याच्या उष्णतेने. म्हणून भांडे लोखंडाचे किंवा लोहचुंबक धरणारे हवे. जर्मलचे पातेले, पितळी तपेली, तांब्याचा हंडा यांना ती साध्या शेगडीवर दादच देत नाही. स्टीलची काही भांडी चालतात, काही चालत नाहीत. वहिनींनी जुन्या रेडिओच्या कर्ण्यातले चुंबक काढून आणले होते, ते बुडाला लावून पाहायचे. घरातून आणलेल्या नऊ भांड्यांपैकी चार पास झाली.

खरी फजिती पुढे झाली. एका दुकानदाराने दादाला घरगुती पंख्या-दिव्यांचा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी गळ्यात मारली आणि यावर शेगडी आरामात चालेल असे सांगितले. पहिल्याच रात्री शेगडी लावली, इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. आजारी आई उपाशी, बाहेर अनोळखी शहर. शेवटी बिस्किटे दुधात भिजवून रात्र काढली.

मी गेलो तेव्हा दादाने हा हिशेब माझ्यापुढे मांडला. मी त्याला विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण दिले. शेगडीवर २००० वॉट लिहिलेले असते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन अश्वशक्ती. तीनच्या मोटारीला जेवढी ताकद लागते तेवढी ही पाटाएवढी शेगडी मागते! सातशे वॉटचा इन्व्हर्टर ती कोठून देणार? शिवाय बॅटरीचा दाब फक्त १२ व्होल्ट. कमी दाबाने जास्त पाणी न्यायचे तर पाइप जाड लागतो, तसेच विजेचे आहे. १५०० वॉटची शेगडी घरच्या २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते, पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशेच्या वर. बारीक तार जळूनच जायची. पुढे दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले, मोठा इन्व्हर्टर आणि जाड केबल घेतली, टपावर सौर तावदाने बसवली. खर्च लाखाच्या पुढे गेला. दीडशे अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत कागदावर साडेतीन युनिटे मावतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, मग हाताशी दीड-पावणेदोन युनिटेच उरतात. तिघांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला जेमतेम.

एवढे करून गंमत पाहा. बस जेथे उभी आहे ते अंगण मुर्बी-ओव्याच्या बाजूला एका आगरी कुटुंबाचे. अंगणात जुना आंबा आहे. चैत्राच्या उन्हात पत्र्याची बस भट्टीसारखी तापते, म्हणून मावशीसाठी ती आंब्याखाली लावली. सावलीत सौर तावदाने आंधळी झाली! ऊन हवे तर मावशी भाजणार, सावली हवी तर वीज नाही. दादाने क्षणभरही विचार न करता सावली धरली आणि घरमालकांकडून मीटर लावून वीज घेतली. त्यांचा मुलगा तळोज्याच्या कारखान्यात वायरमन आहे. त्याने तीन तारांची जाड केबल ओढून नीट अर्थिंग केले आणि गळतीची वीज तोडणारा स्विच बसवला. बस रबरी चाकांवर उभी असते, तिला अर्थ मिळत नाही. ओल्या मोटारीला हात लागून काय होते हे आपल्या गावात कोणाला सांगायला नको, म्हणून हे मुद्दाम लिहिले. महिन्याला शेगडीची चाळीस-बेचाळीस युनिटे होतात, त्याचे पैसे दादा देतो.

वहिनींचे मत मी विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पेज आणि नाचणीचं आंबील करावं तर हिच्यावरच. आच एका जागी राहते, दूध उतू जात नाही, आणि आत धग नाही." मावशीच्या तोंडाला फोड आले आहेत, तिखट-गरम चालत नाही, फोडणीचा वास आला की मळमळते. पलंगापासून ओटा चार फुटांवर. रात्री दोन वाजता भूक लागली तर काडी-पेटीचा खटाटोप नाही, चार-पाच मिनिटांत तांब्याभर पाणी उकळते. पण भाकरी? ज्योत नाही तर ती फुगणार कशी? वहिनी तव्यावरच फडक्याने दाबून फिरवतात. पापुद्रा सुटतो, पण चुलीची चव नाही. वांगे भाजणे तर सोडूनच द्यावे. आणखी एक, गाडी चालू असताना शेगडी वापरायची नाही, गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवायची, काच आहे ती. झुरळे तिच्या उबेला जातात आणि आतले सर्किट खातात, त्याचीही काळजी घ्यावी. हृदयाला पेसमेकर बसवलेल्याने तिच्यापासून हातभर लांब राहावे आणि डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

गावी मात्र गॅस असताना हिच्यामागे लागू नये, असे माझे मत. भारनियमनात ती निव्वळ पाट.

संध्याकाळी घरमालकांच्या वडिलांजवळ बसलो. समोर वीस-वीस मजली इमारती, मागे मेट्रोचे खांब, आणि त्यांच्या पलीकडे खारघरचा उघडा डोंगर. पांडवकडा त्या दिवसांत कोरडा असतो. बाबा हात करून सांगत होते, कोठे भाताची खाचरे होती, कोठे खाडीचे पाणी येई, मिठागरे कोठे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. बाबा तेव्हा तरुण होते. राब भाजणीचा धूर किती दिवसांत नाकाला लागला नाही, असे ते मध्येच म्हणाले आणि मग बराच वेळ मला आमच्याकडच्या भाताच्या वाणांविषयी विचारत राहिले. इंद्रायणीचा उतारा किती पडतो, लावणी यंत्राने होते का, सगळे. मी शेकड्यांनी शेतकऱ्यांशी बोललो आहे, पण शेत नसलेल्या माणसाने इतक्या बारकाईने विचारलेले मला आठवत नाही.

भाडे किती, असे मी दादाला हळूच विचारले. तो म्हणाला, विजेखेरीज ते काही घेत नाहीत. येताना गावाकडून इंद्रायणीचे पोते आणायचे मी मनाशी धरले.

निघताना मावशीच्या उशाशी बसलो. तिला बोलायला त्रास होत होता. मिश्रीची डबी आता घरात कोणाच्याच हाती दिसता कामा नये, असे तिने खुणेनेच सुनेला सांगितले. मग मला म्हणाली, "बाळा, तुझ्याकडं सपाट बुडाचा लोखंडी तवा हाय का? हिच्या तव्याला पोट हाय, मधेच तापतो. मला दुधात कुस्करून भाकरी खायचीय." शेकाचे अकरा दिवस राहिले होते. पुढच्या शनिवारी मी तवा आणि तांदळाचे पोते घेऊन पुन्हा खारघरला गेलो.