तैमूरच्या कबरीपाशी

उझबेकिस्तानच्या सहलीत आम्ही चाळीस जण होतो. मुस्लिम म्हणजे मी आणि बायको, एवढेच. लोक चांगले होते. विमानातच चिवडा-लाडवांची देवाणघेवाण झाली, ताश्कंदला पोहोचेपर्यंत बायकोला दोन मावश्या मिळाल्या होत्या. तक्रार होती ती फक्त जेवणाची. घरून निघताना वाटलं होतं, आठवडाभर हॉटेलात ‘हलाल आहे का’ विचारावं लागणार नाही, पोटभर पुलाव खाऊ. पण टूरवाले दोन्ही वेळा भारतीय हॉटेलात नेत आणि आमच्या ताटात मटर पनीर पडे.

समरकंदला पहिल्या सकाळी बसमध्ये टूर मॅनेजरने जाहीर केलं, ‘आज आधी गुर-ए-अमीर, म्हणजे तैमूरलंगाची कबर.’ मागच्या सीटवरून एक काका म्हणाले, ‘चला, आता यांच्या माणसाला भेटायचं!’ बोट माझ्याकडे होतं. चार-पाच जण हसले. मीही हसलो. अशा वेळी हसायची सवय आहे मला.

खरं तर उत्तर तयार होतं. तैमूरने 1398 मध्ये दिल्ली लुटली आणि अगणित माणसं कापली, तेव्हा दिल्लीच्या गादीवर नसीरुद्दीन महमूद तुघलक होता. 1401 मध्ये तैमूरने दमास्कस आणि बगदादची राख केली, पुढच्या वर्षी उस्मानी सुलतान बायझीदला कैद केलं. त्याच्या तलवारीने कलमा विचारला नव्हता. हे सगळं मी निघण्याआधी वाचून, जवळजवळ पाठ करून गेलो होतो. बसमध्ये बसल्या बसल्या लक्षात आलं, की बाकीच्या अडतीस जणांनी सहलीसाठी स्वेटर घेतले, औषधं घेतली. खुलासा फक्त मी बरोबर घेतला होता. आणि तोही दिला नाही.

गुर-ए-अमीर बाहेरून फार देखणं आहे. निळा, उभ्या पन्हळींचा घुमट, आत सोन्याचं काम. मधोमध कबरींचे दगड, त्यातला तैमूरचा गर्द हिरवा, जवळजवळ काळा. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. आमची गाइड स्थानिक मुलगी, हिंदी शिकलेली. (तिच्या भाषेत ‘सब्जी’ म्हणजे गाजर, हे कळल्यावर मावश्यांना फार मजा वाटली.) ती सांगत होती, की ही इमारत उभी राहिली ती तैमूरचा नातू मुहम्मद सुलतान गेल्यावर, तैमूर स्वतः आपले गुरू सय्यद बरका यांच्या पायाशी निजला आहे, शेजारी दुसरा नातू उलुगबेग, ज्याला 1449 मध्ये त्याच्याच मुलाने मारवलं. तैमूरबद्दल ती अभिमानाने बोलत होती. ताश्कंदच्या चौकात मार्क्सचा पुतळा होता तिथे आता घोड्यावरचा तैमूर आहे. तिचा तो राष्ट्रपुरुष, आणि हा अभिमानही मला जड जात होता.

तेवढ्यात बाजूच्या बाकावर एक गावाकडचं कुटुंब येऊन बसलं. त्यांच्यातल्या एकाने आयती पढायला सुरुवात केली, सगळ्यांनी हात उचलले. बायकोने दुपट्टा सारखा केला आणि तिचेही हात वर गेले. माझे हात कमरेपर्यंत आले. समोर बघितलं तर काका मोबाइलवर शूटिंग करत होते. मी हात खिशात घातले.

कबर दिसली की फातिहा पढायची, कबर कुणाची हे विचारायचं नाही, असं अम्मीने लहानपणी शिकवलेलं. तैमूरसाठी फातिहा पढायची नाही, असं मी विचार करून ठरवलं असतं तर ते मला पटलं असतं. त्याने मारलेल्यांची बाजू घेतली असं तरी म्हणता आलं असतं. पण माझे हात थांबले ते त्या मोबाइलमुळे.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, ‘तुम्ही पढलात नाही?’

‘तैमूरसाठी?’

‘मी तर त्या उलुगबेगसाठी पढले. पोटच्या पोराने मारलं बिचाऱ्याला.’

दुपारी त्याच उलुगबेगची वेधशाळा पाहिली. इमारत उरलेली नाही, पण टेकडीत खोदलेला भल्या मोठ्या कमानीचा खालचा भाग शाबूत आहे. आकाशाचा कोन मोजायचं ते यंत्र. दुर्बीण नव्हती त्या काळात इथे हजारावर ताऱ्यांच्या जागा नोंदल्या गेल्या. साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर आमच्यात होते, ते तर हरखून गेले. जयपूरच्या सवाई जयसिंगाने उलुगबेगचे तक्ते अभ्यासले होते, असं मी सांगितलं तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. इथे मात्र ‘यांचा माणूस’ असं कुणी म्हणालं नाही.

शेवटच्या दिवशी ताश्कंदला परत आलो तेव्हा लाल बहादूर शास्त्रींच्या पुतळ्यापाशी बस थांबली. करारावर सही केल्यानंतर त्याच रात्री, 11 जानेवारी 1966 रोजी, ते याच शहरात गेले. सगळे हात जोडून उभे राहिले. काकांचे डोळे भरून आले होते. ‘दुसरीत होतो मी. वडील रेडिओपाशी बसून रडले होते,’ ते म्हणाले.

माझे अब्बाही शास्त्रींचं नाव निघालं की गप्प व्हायचे. मी हात उचलले. अशा वेळी कोणती दुआ मागावी, मागावी की नाही, याचे नियम मला ठाऊक नाहीत. जाणकारांनी खुशाल कान धरावा. डोळे मिटून जे सुचलं ते मागितलं आणि तोंडावरून हात फिरवला.

डोळे उघडले तर बाकीचे बसकडे निघाले होते. काका मात्र शेजारी उभे होते, मोबाइल खिशात.

‘झालं?’

‘झालं.’

‘चला मग. जेवायला थांबलेत सगळे.’

पुन्हा मटर पनीरच होतं.