पत्ता आणि कप्पा

पिनकोड म्हणजे पत्त्याखाली लिहायचे सहा आकडे, एवढेच आपण जाणतो. वास्तविक तो पत्राच्या वाटेचा नकाशा आहे. संचार मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली व १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. आमच्या बऱ्हाणपूरचा पिन ४५०३३१. पहिल्या ४ वरून पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या भागाकडे वळते. पहिले तीन आकडे त्याला खंडव्याच्या वर्गवारीत आणतात आणि उरलेले तीन नेमक्या टपाल कचेरीत पोहोचवतात.

संकेतस्थळाचा पत्ताही असाच तुकड्यातुकड्यांनी वाचला जातो. तुकडे पाडतात त्या तिरप्या रेघा. कोणता पत्ता कोठे न्यायचा, हे सर्व्हरला दोन तऱ्हांनी सांगता येते. एक म्हणजे रजिस्टर ठेवून प्रत्येक वाट स्वतंत्र नोंदवायची. एक्सप्रेस वापरणारे असेच करतात. दुसरी तऱ्हा अशी की फोल्डरांची मांडणी हीच वाट. आपल्या या अंकाचे मराठी व कन्नड विभाग दोन फोल्डर समजा. मराठीच्या फोल्डरात 'निबंध' ठेवला की 'अंक/मराठी/निबंध' हा पत्ता आपोआप तयार. अपाचे सर्व्हरवर पूर्वीपासून हे चालत आले आहे, आणि २०१६ साली आलेल्या नेक्स्ट जेएसनेही हाच मार्ग धरला. वेगळी नोंदवही नको, की नोंद राहून जाण्याची भीती नको! खतावणीत वाढलेल्या आम्हा वाणिज्यवाल्यांना तर हे फारच पटते.

परंतु कप्पा हाच पत्ता झाला, की कप्पा हलताच पत्ताही हलतो. माझे काका बऱ्हाणपुरात यंत्रमागाच्या कापडाचा व्यापार करतात. प्रत्येक मालाचे पान संकेतस्थळावर होते व त्याचा पत्ता बिलावर छापलेला असे. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने एके दिवशी 'कापड' फोल्डराचे 'गमछा' आणि 'कोरा माल' असे दोन फोल्डर केले. मांडणी सुबक झाली, यात शंका नाही. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना मात्र जुन्या बिलावरच्या पत्त्यावर 'पान सापडत नाही' एवढेच दिसू लागले. पेढी बंद झाली का, असे विचारणारे दोन फोन आले. काका मला म्हणाले, "अरे, दुकान जागेवर आहे, माल जागेवर आहे, मग पत्ता कसा हरवला?"

व्यापारात पत आणि पत्ता ही जुळी भावंडे आहेत, त्यामुळे काकांचा प्रश्न मला फार लागला. २००३ साली बऱ्हाणपूर खंडव्यापासून तुटून स्वतंत्र जिल्हा झाले. पिन मात्र ४५० नेच सुरू होतो. सरकारी कप्पा बदलला, टपालाची वाट बदलली नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली हेच बजावले होते: चांगला पत्ता बदलत नाही, म्हणून विषय, लेखकाचे नाव, फाइलचा प्रकार अशा पुढेमागे बदलणाऱ्या गोष्टी त्यात घालू नयेत.

मी प्रथम जुने पत्ते नव्यांकडे वळवून दिले. घर बदलल्यावर पोस्टमन पत्र नव्या घरी नेऊन देतो, तसे हे ३०१ क्रमांकाचे उत्तर ब्राउझरला नव्या पत्त्यावर पाठवते. मग कायमची सोय शोधली. नेक्स्ट जेएसमध्ये फोल्डराचे नाव साध्या कंसात घातले, तर तो फोल्डर आपल्या सोयीपुरता राहतो, पत्त्यात उमटत नाही. चौकोनी कंसात नाव घातले, तर त्या जागी येईल तो क्रमांक एकच फोल्डर स्वीकारतो. काकांच्या वहीत प्रत्येक मालाला पूर्वीपासून क्रमांक आहेच. तोच मी पत्त्यात घातला. आता 'माल/४७' हा गमछ्यात मोडो की कोऱ्या मालात, बिलावर ४७ च छापला जातो.