चालणारा प्रोग्राम सुधारायचा कशासाठी?

शिकाऊ विद्यार्थ्याचा प्रोग्राम एकदा बरोबर उत्तर देऊ लागला की सराव संपला, असे सर्रास मानले जाते. मला हे मान्य नाही. चाललेला प्रोग्राम सुधारून घेतला नाही, तर विद्यार्थ्याला त्यामागचे गणितही कळत नाही आणि प्रोग्रामिंगही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ चा नियम यासाठी उत्तम सराव आहे. चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा. मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तराला पुन्हा तेच करा. सगळे अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

उदाहरणार्थ, १९६९ घेऊ. ९९६१ वजा १६९९ म्हणजे ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. पायथनमधला अगदी साधा प्रोग्रामही हे बिनचूक करतो. आता १००० द्या. १००० वजा १ म्हणजे ९९९. इथे पुढचे शून्य गळते, तीनच अंक उरतात, पुढची वजाबाकी शून्य देते आणि लूप थांबतच नाही. ०९९९ असे चार अंक जपले, तर ८९९१, ८०८२, ८५३२ असे करत ६१७४ येते. १००० ते ९९९९ मधल्या सगळे अंक सारखे नसलेल्या ८,९९१ संख्यांपैकी ६८ संख्यांवर हा साधा प्रोग्राम अडकतो. चार-दोन संख्या देऊन पाहणाऱ्याला हा दोष बहुधा दिसणारच नाही.

इतक्या थोड्या संख्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पण बँकेचा खाते क्रमांक शून्याने सुरू होऊ शकतो, आणि तिथे गळलेले शून्य म्हणजे चुकीचे खाते. दुसरा आक्षेप असा, की सुधारणा म्हणजे ओळी कमी करणे, आणि ते काम आता एआय क्षणात करते. ओळी कमी झाल्याने ९९९ चा दोष जात नाही. तो शोधायला कोणती संख्या देऊन पाहायची, हे ठरवावे लागते, आणि ते ठरवायला नियम समजावा लागतो. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड धरले, तर वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले (अ−ड) अधिक ९० गुणिले (ब−क) इतकी येते. म्हणून पहिल्या पायरीनंतर अवघी ५४ उत्तरे संभवतात, आणि त्यांतले तीन अंकी फक्त ९९९. हजारो संख्या तपासण्याचे काम चोपन्नांवर आले, ते या सूत्रामुळे.

नवख्याला एवढे झेपेल का, ही शंका मात्र रास्त आहे. एका तासिकेत एकच सुधारणा घ्यावी: आधी १००० वरचा दोष, मग ११११ सारख्या संख्या नाकारणे, मग सूत्र. गावोगावच्या संगणक शिक्षकांना माझी विनंती आहे, की प्रोग्राम चालला म्हणून गुण देऊन थांबू नका. तो कोणत्या संख्येवर अडेल, हे विद्यार्थ्याला शोधायला लावा आणि त्या शोधालाही गुण द्या.