शिळं पाणी

उर्दूत 'जंग' जीमनं लिहिली तर लढाई, ज़ेनं लिहिली तर लोखंडाचा गंज. दरवर्षी वर्गातली दोन-चार मुलं तरी लोखंडावर लढाईच चढवतात. मी लाल शाईनं खूण करते आणि तीन परीक्षानळ्या मांडते. पहिलीत साधं पाणी, दुसरीत उकळून हवा घालवलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत ओलावा शोषणारं कॅल्शियम क्लोराईड. प्रत्येकीत एकेक खिळा. गंजतो तो पहिल्या नळीतला. पाणी आणि हवा, दोन्ही लागतात.

हाच प्रयोग घराएवढा मोठा मी पाहिला तो बर्मिंगहॅमला, आपाकडे. 2022च्या दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. तिथं घर उबदार ठेवायला गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते तांब्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या पोलादी रेडिएटरमध्ये फिरवतो आणि ऊब देऊन पाणी पुन्हा बॉयलरकडे येतं. तेच पाणी, वर्षानुवर्षं.

दुलाभाईंच्या अम्मी वरच्या खोलीत दोन शाली पांघरून बसायच्या. त्या वर्षी ब्रिटनमध्ये गॅसचे दर भलतेच चढले होते. मुला-सुनेनं पैसे वाचवायला आपल्याच खोलीची ऊब कमी केली, असं अम्मींच्या मनानं घेतलेलं. पण बोलायचं कसं? माझ्याजवळ बोलल्या. मी आपाला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अगं, त्यांच्या खोलीचा व्हॉल्व्ह आम्ही कधी कमीच केला नाही."

मी रेडिएटरला हात लावून पाहिला. वर गरम, खाली गार. उलटं असतं तर आत वायू साचलाय म्हणायचं. वरचा स्क्रू किल्लीनं सैल केला की सुटतो. खाली गार म्हणजे तळाशी गाळ. हा गंज तांबडा नसतो, काळा असतो. मॅग्नेटाईट म्हणतात त्याला, चुंबकाला चिकटतो.

बंद नळ्यांत सुरुवातीची हवा संपली की गंज मंदावतो. मग इतका गाळ कुठून? दुलाभाई म्हणाले, दाब उतरतो म्हणून दर आठवड्याला थोडं ताजं पाणी भरतो. एका व्हॉल्व्हच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. प्रत्येक ताज्या भरण्याबरोबर विरघळलेली हवा आत जायची, आणि पूर्वी घातलेलं गंजरोधक औषध पातळ व्हायचं. आमची दुसरी नळी दर आठवड्याला पहिली होत होती.

अम्मींना हे पटेना. "इतक्या वर्षांचं शिळं पाणी! ताजं भरलं तर बरंच की." आपल्याकडे विहिरीचा उपसा करणाऱ्या माणसाला असंच वाटणार. मी म्हटलं, "अम्मी, हे प्यायचं नाही. इथं शिळंच चांगलं." त्या हसल्या, पण मान हलवली नाही.

नुसतं औषध ओतून भागत नाही. औषध धातूवर पातळ थर धरून पुढचा गंज अडवतं, साचलेला गाळ काढत नाही. म्हणून आधी कारागिरानं गळका सांधा बदलला, साफ करणारं रसायन फिरवलं आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ्या धुतल्या. बॉयलरकडे परतणाऱ्या नळीवर चुंबकाची गाळणी बसवली. ब्रिटिश मानकाच्या 2019च्या आवृत्तीतही सफाई, गंजरोधक, गाळणी आणि दरवर्षी पाण्याची तपासणी सांगितली आहे. बॉयलरच्या गॅसच्या भागाला तिथं नोंदणीकृत माणसाशिवाय हात लावायचा नसतो, पण औषध घरच्या माणसाला घालता येतं.

ते काम दुलाभाईंनी केलं, बाटलीवरची बारीक अक्षरं मी वाचून दाखवली. 100 लिटर पाण्याला 1 लिटर. बॉयलर बंद, सगळं थंड. रिकाम्या रेडिएटरच्या वरच्या तोंडाला नरसाळं लावून बाटली ओतली, तोंड घट्ट बंद केलं. मग पाणी भरत दाबाचा काटा 1 ते 1.5 बारच्या मध्ये आणला, एकेका रेडिएटरमधली हवा सोडली, काटा उतरला तसं पुन्हा थोडं पाणी भरलं. औषध मिसळावं म्हणून घर तापवून पंप चालू ठेवला.

संध्याकाळी अम्मींचा रेडिएटर खालपर्यंत गरम होता. मुलानं त्यांचा हात धरून तळाला लावला. "भाजेल की रे," म्हणून त्यांनी तो काढून घेतला.

बॉयलरजवळ तारखेची चिठ्ठी चिकटवली आहे. मागच्या हिवाळ्याच्या तपासणीत औषध कमी भरलं, तेव्हा दुलाभाईंनी आणखी थोडं घातलं.